माप नसलेले डोंगर

पूह मागे पडलं की झाडं संपतात. कल्पाच्या आसपास देवदार असतो, चिलगोजा असतो, सफरचंदांच्या बागा तर रस्त्यालाच टेकलेल्या. मग सतलजच्या काठाकाठाने हिरवं विरळ होत जातं आणि खाबच्या पुलावर सतलज सोडून गाडी स्पितीच्या घळीत शिरली की पाहावं तिकडे नुसता कातळ, दगडांचा चुरा आणि वर निळंशार आभाळ. सप्टेंबर अर्धा सरला होता. नाशिकला अजून पाऊस रेंगाळत होता. इथे मात्र हिमालयाच्या मुख्य रांगेने त्याला पलीकडेच अडवलेलं.

गाडी थांबवून फोटो काढले. ताईने मागच्या पडद्यावर डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "अरे, ही तर खडीक्रशरची जागा वाटते."

शब्द लागला, पण तिचं म्हणणं बरोबर होतं. डोळ्यांसमोर छाती दडपवणारा कडा, आणि फोटोत खाणीतला ढिगारा. खाबची उंची साधारण २,४०० मीटर. तिथून फार लांब नसलेलं रिओ पुरग्यिल हे हिमाचलातलं सर्वांत उंच शिखर ६,८१६ मीटरचं. म्हणजे नदीपात्रापासून शिखरापर्यंत एकावर एक अडीच कळसूबाई रचाव्यात एवढी चढण. एवढं सगळं कॅमेऱ्यात शिरतं आणि आत गेल्यावर त्याचा आकारच हरवतो. कारण मोजायला काही नाही. झाड नाही, झोपडी नाही, विजेचा खांबही मैलोगणती दिसत नाही. दगडाशेजारी दगड ठेवला तर तो दोन हातांचा की दोनशे हातांचा, हे फोटो पाहणाऱ्याने कशावरून ओळखायचं?

यावरचा उपाय आमच्या ड्रायव्हरकडे होता. गृहस्थ किन्नौरचे, बेताने बोलणारे. खाबच्या पुढे रस्ता 'का' नावाच्या वस्तीकडे चढायला लागतो आणि डोंगराच्या उघड्या अंगावर वळणांवर वळणं घेत नाकोच्या दिशेने जातो. दोन-तीन वळणं चढून त्यांनी गाडी कडेला घेतली. "सर, रुकिए. पिओवाली बस आएगी." मी लांब लेन्स लावली, २०० मिलिमीटरला नेली आणि खालच्या वळणांवर रोखून बसलो. उन्हं चढलेली, हवा कापायला लागलेली, असल्या उजेडात एरवी मी कॅमेरा पिशवीतून काढतही नाही. काही वेळाने हिमाचल परिवहनची बस खालच्या वळणावर उगवली. आधी धूळ दिसली, मग टपावरचं सामान, मग काचेवर चमकलेलं ऊन. आणि त्या क्षणी मागचा डोंगर वाढला. खरंच वाढला. बस इतकी क्षुल्लक दिसत होती की तिच्या वरचा कडा किती उंच आहे हे सांगायला आकडा नको. ताईने तोही फोटो पाहिला. या वेळी काही बोलली नाही, पाण्याची बाटली पुढे केली.

निसर्गाचे फोटो काढणाऱ्यांत एक सोवळं असतं. फोटोत माणूस नको, गाडी नको, तार नको, रस्ता तर नकोच. सगळं कसं अनाघ्रात हवं. सह्याद्रीत हे चालून जातं, कारण तिथे धुकं आपलं अर्धं काम करतं. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरून किंवा रतनगडावरून पाहा, एकामागे एक डोंगर फिके होत जातात. जवळचा गडद, त्यामागचा करडा, शेवटचा आभाळात विरलेला. जवळ काय आणि लांब काय, डोळ्याला न सांगता कळतं. स्पितीच्या हवेत बाष्प नाही. वीस किलोमीटरवरचा कडा समोरच्या दरडीइतकाच कोरीव दिसतो आणि फोटोत दोघं एकाच पातळीवर येऊन बसतात. तिथे सोवळं पाळलं तर हाती खडीक्रशर येतो. स्पितीत रस्ता फोटोत असलाच पाहिजे, असं माझं ठाम मत झालं आहे. नदीपात्राच्या वर कड्याला खरवडून काढलेली ती पांढुरकी रेघ, एवढंच त्या मुलखातलं माणसाचं माप.

धुकं नसलं तरी सावली असते, आणि खोली दाखवायला तीच कामाला येते. पण तिचंही वेळापत्रक वेगळं. पंचांगातला सूर्योदय आणि अशा अरुंद दरीतला सूर्योदय यांत तासाभराहून अधिक अंतर पडू शकतं. वरच्या शिखरांवर ऊन कधीच आलेलं असतं, खाली गाव अजून निळसर सावलीत काकडत असतं. संध्याकाळी तेच उलट्या क्रमाने. या दोन्ही वेळी ऊन आणि सावली यांत इतकी तफावत असते की दोन्ही एका फोटोत मावत नाहीत. उजळ भाग सांभाळला तर खालचं गाव काळंठिक्कर, गाव सांभाळलं तर शिखर पांढरंफटक. काही जण दोन-तीन वेगवेगळ्या एक्स्पोजरचे फोटो घेऊन घरी जोडतात. मला ते जोडकाम फारसं मानवत नाही. मी सावलीला सावली राहू देतो.

पोलरायझरचंही तेच. आपल्याकडे पावसाळा संपल्यावर आकाश निळं करायला तो हमखास लावतात. साडेतीन-चार हजार मीटरवर डोक्यावरची हवाच विरळ, त्यामुळे आकाश मुळातच गडद असतं. त्यात पोलरायझर फिरवला तर वर काळपट डाग उमटतो, आणि वाइड लेन्सवर तर आभाळाचा एक कोपरा काळा, दुसरा फिका. तो फिल्टर या प्रवासात डबीतच राहिला तर बरं. वाइड लेन्सबद्दलही माझं मत फारसं चांगलं नाही. ती सगळं आत घेते आणि सगळंच लहान करते.

नाकोच्या तळ्यापाशी रात्र काढून आम्ही ताबोच्या दिशेने निघालो. वाटेत सुमदो. इथून तिबेटची हद्द जवळ, लष्कराचा वावर मोठा. चौक्या, पूल, वाहनांचे ताफे यांच्याकडे कॅमेरा वळवायचा नाही. ड्रायव्हरनी सांगायच्या आधीच ताईने माझ्या कॅमेऱ्यावर रुमाल टाकला.

ताबोचा मठ इसवी सन ९९६ मधला. बाहेरून मातीच्या बसक्या इमारती, आत भिंतींवर हजार वर्षांचे रंग. आत फोटो काढायला बंदी आहे आणि ती योग्यच आहे. एकाला परवानगी दिली की पाठोपाठ पन्नास फ्लॅश चमकतात. मुख्य दालनात प्रकाश येतो तो छताच्या झरोक्यातून, अगदी बेताचा. डोळे सरावायला वेळ लागतो. मग भिंतीतून पुढे झुकलेल्या मूर्ती एकेक करून दिसू लागतात.

ताबोहून ढंकरकडे जाताना नदीपलीकडे माने गाव लागतं. त्याच्या मागच्या डोंगरांतून मनिरंग खिंडीची वाट किन्नौरात उतरते. फोटोग्राफीच्या इतिहासात या खिंडीला जागा आहे. सॅम्युअल बोर्न हा इंग्रज छायाचित्रकार १८६६ मध्ये कुलू-लाहौलमार्गे स्पितीत आला आणि मनिरंगच्या माथ्यावर त्याने फोटो काढले. त्याच्या हिशेबाने ती उंची १८,६०० फूट. तेव्हा फिल्म नव्हती. काचेच्या बारा इंच बाय दहा इंचांच्या पट्टीवर कलोडियनचा थर ओतायचा, ती चांदीच्या क्षारात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि वाळायच्या आत अंधाऱ्या तंबूत धुवायची. म्हणजे प्रत्येक फोटोला तिथल्या तिथे प्रयोगशाळा मांडायची आणि मोडायची. काचा, रसायनं, तंबू हे सगळं हमालांच्या पाठीवर. थंडीने बोटं बधिर, रसायनं लहरी, वर वाऱ्याने तंबू हलतोय.

आणि गंमत अशी, की एवढ्या यातायातीनंतर त्याचीही तक्रार ताईसारखीच होती. हिमालयाचा हा अवाढव्य देखावा कॅमेऱ्याच्या चौकटीत मावत नाही, असं त्याने लिहून ठेवलं आहे. पुढे कलकत्त्यात 'बोर्न अँड शेफर्ड' हा त्याच्या नावाचा स्टुडिओ जवळपास दीडशे वर्षं चालला आणि २०१६ मध्ये बंद झाला.

ढंकर ही स्पितीची जुनी राजधानी. माती आणि गोट्यांच्या सुळक्यांवर मठ उभा आहे, आणि ते सुळके पावसाने, वाऱ्याने झिजतायत. २००६ मध्ये जगातल्या सर्वाधिक धोक्यातल्या शंभर वास्तूंच्या यादीत त्याचं नाव आलं होतं. वरून पिन आणि स्पिती यांचा संगम दिसतो. नद्या कसल्या, रुंद खडकाळ पात्रात पाण्याच्या वेण्या सुटलेल्या. दुपारच्या भगभगीत उन्हात तो संगम सपाट दिसतो. पण पाणी सूर्याच्या तिरक्या उजेडात आलं की पात्रातली प्रत्येक धार वेगळी चमकते. आम्ही मठाच्या पायरीवर चहा घेत थांबलो. तिथले एक वयस्क लामा येऊन शेजारी बसले. "जुले," एवढंच म्हणाले आणि संगमाकडेच पाहत राहिले. बहुधा रोजच पाहत असावेत.

पिनच्या खोऱ्यात शिरलं की डोंगरांची जातच बदलते. मूदच्या वाटेवर कड्यांमध्ये थरांवर थर आहेत, आणि ते सरळ नाहीत. घडी घालून ठेवलेल्या गोधडीच्या कडा दिसाव्यात तसे वळलेले, दुमडलेले, कुठे उभेच्या उभे चढलेले. हा सगळा टेथिस समुद्राचा तळ. भारताचा तुकडा आशियाला भिडला तेव्हा हा गाळ चेपला गेला आणि उचलला गेला. या घड्या उजेड समोरून असला तर दिसतच नाहीत, उजेड बाजूने हवा. मग प्रत्येक थराची सावली पुढच्या थरावर पडते आणि कडा वाचता येतो.

काझात मी पेट्रोल आणि बॅटऱ्या दोन्ही भरून घेतल्या.

'की'चा गोंपा, म्हणजे मठ, तर सगळ्यांनीच पाहिलेला असतो, निदान कॅलेंडरवर. ४,१६६ मीटर उंचीवर शंकूसारख्या टेकाडावर एकावर एक रचलेल्या पांढऱ्या खोल्या. १९७५ च्या भूकंपात त्याचं बरंच नुकसान झालं होतं. किब्बरकडे चढणाऱ्या रस्त्यावर वरच्या वळणाशी सगळे थांबतात. गाड्यांची रांग, दारं आपटल्याचे आवाज, दोन मिनिटांत फोटो आणि पुढचं गाव. मीही तिथेच थांबलो, पण मला घाई नव्हती. आभाळात ढगांचे तुकडे होते आणि त्यांच्या सावल्या दरीभर सरकत होत्या. उजळाच्या मागे उजळ असलं की गोंपा कड्यात मिसळून जातो. मला हवं होतं गोंपावर ऊन आणि मागच्या कड्यावर सावली.

ट्रायपॉडच्या मधल्या दांडीला पिशवी टांगली, कारण वारा तिथे दुपारनंतर दम घेत नाही. कॅमेरा रोखला आणि हात खिशात घालून उभा राहिलो. उन्हाचा एक तुकडा नदीपात्रातून निघाला. पात्र ओलांडून शेतांवर आला. वाटाणा निघून गेला होता, बार्ली कापून पडलेली, तो पिवळा चौकोन क्षणभर पेटला. आता चढेल म्हणेपर्यंत तुकडा उजवीकडे सरकला आणि उघड्या डोंगरावर वाया गेला. दुसरा आला तो गोंपाच्या पायथ्याशीच विझला. ताई गाडीत शाल गुंडाळून बसली होती. काच खाली करून म्हणाली, "तुझा सूर्य सरकारी नोकर आहे का रे?" ड्रायव्हरना मराठी कळत नव्हतं, तरी ते हसले.

मग ऊन आलं. आधी खालच्या खोल्यांवर, मग मधल्या, मग सगळ्यांत वरच्या गच्चीवर. मागचा कडा जांभळट सावलीत. गच्चीवर दोन तांबडे ठिपके होते. डोळ्याला ते ठिपकेच होते, लेन्समधून मात्र दोन लामा काहीतरी ओझं ओढत नेताना दिसले. ते नसते तर गोंपा एखाद्या वाड्याएवढा वाटला असता. आता तो गावाएवढा दिसत होता. मोजून पाच-सहा वेळा बटण दाबलं, तेवढ्यात सावली परत आली.

लांग्झाला, म्हणजे ४,४०० मीटरवर, रात्रीसाठी थांबलो. गावाच्या डोक्यावर चौ चौ कांग निल्दा, ६,३०३ मीटर. गाव अंधारात बुडाल्यावरही शिखरावर काही मिनिटं तांबूस उजेड टिकतो. अमावास्या जवळ होती. सप्टेंबरात आकाशगंगेचा दाट भाग अंधार पडताच नैर्ऋत्येला दिसतो आणि रात्र फार चढायच्या आत मावळतो. म्हणजे जेवण आधी उरकलं पाहिजे. यजमानीणबाईंनी थुक्पा लवकर वाढला.

अशा फोटोला युक्ती फारशी नाही. लेन्सचं तोंड पूर्ण उघडं, एफ २.८, आयएसओ ३२००, शटर पंधरा-वीस सेकंद. त्यापुढे गेलं तर पृथ्वी फिरते हे फोटोत दिसू लागतं आणि चांदण्यांच्या रेघा होतात. फोकस आपोआप होत नाही, पडद्यावर एखादा ठळक तारा मोठा करून हाताने जुळवावा लागतो. खरा त्रास थंडीचा. बॅटरी बघता बघता मान टाकते. जादाची बॅटरी शर्टाच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवायची. आणि आत येताना कॅमेरा बाहेरच पिशवीत बंद करूनच आणायचा. खोलीच्या मधोमध लोखंडी शेगडी धगधगत असते. गार कॅमेरा त्या उबेत उघडा आणला की काचेवर आणि काचेच्या आतही दव धरतं.

सकाळी गावातली पोरं ओंजळीत दगड घेऊन आली. काळा गोटा, फोडला की आत चक्राकार शिंपला. सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रातले हे अमोनाइट, आपल्या देवघरातल्या शाळिग्रामाच्याच कुळातले. ताईने एक हातात घेऊन डोळ्यांजवळ धरला, चक्रावरून नखाने रेषा मोजल्या आणि परत दिला. पोरगं हिरमुसलं. तिने त्याला पर्समधली राजगिऱ्याची चिक्की दिली. विकत घेतला असता तर उद्या दहा दगड फुटले असते.

पुढचा कुंझुम खिंडीचा टप्पा झरकन सांगतो, कारण त्यात लोक भारावून जातात तेवढा मी गेलो नाही. खिंडीत देवीच्या मंदिराला गाडीने प्रदक्षिणा घालायची रीत आहे, ती आम्ही घातली. चंद्रताल सुंदर आहे यात वाद नाही. २००५ पासून त्याला रामसर पाणथळीचा दर्जा आहे. गाडी वाहनतळाशी सोडून पुढे चालावं लागतं, हे फार चांगलं केलं आहे. प्रतिबिंब हवं असेल तर पहाटेच जायला हवं, ऊन तापलं की वारा उठतो आणि पाणी मोडतं. पण ते प्रतिबिंब इतक्या जणांनी इतक्या वेळा काढलंय की माझ्या हाताला उत्साह येईना. बातलच्या खालचा, ओढ्यांनी धुऊन नेलेला रस्ता मला जास्त आवडला. दुपारनंतर बर्फ वितळून हेच ओढे चढतात, म्हणून ते सकाळीच ओलांडायचे. एका ओढ्यात ट्रक अडकला होता आणि दोन माणसं गुडघाभर गार पाण्यात दगड रचत होती. त्यांच्या मागे हिमनदी लोंबत होती. या प्रवासातला माझा सगळ्यांत आवडता फोटो तोच.

घरी आल्यावर संगणकावर बसलो की हात शिवशिवतो. एक पट्टी सरकवली की कातळ भगवा, दुसरी सरकवली की आकाश मोरपंखी. स्पितीचे असले फोटो आता ढिगाने दिसतात. स्पिती तशी नाही. ती राखाडी आहे, मातकट आहे, पिवळट आहे, कुठे शिळ्या जांभळ्या रंगाची. तिचा तोच रंग राहू द्यावा.

जायचं असेल तर शिमल्याहून, किन्नौरच्या बाजूने जा. उंची हळूहळू चढते आणि अंगाला सवय होते. मनालीकडून एका दिवसात कुंझुम ओलांडला तर डोकेदुखीतच दोन दिवस जातात. ड्रायव्हरला पहिल्याच दिवशी सांगून ठेवा की वाटेत वारंवार थांबावं लागेल, आणि त्याचे जादा पैसे आधी ठरवा. त्याला कुठे थांबावंसं वाटतं तेही विचारा. लांब लेन्स न्या, भाड्याने मिळते. लांग्झाचे दगड लांग्झातच राहू द्या. आणि ऑक्टोबर उलटायच्या आत जाऊन या. त्या सुमारास कुंझुम बर्फाने बंद होतो आणि उन्हाळ्यापर्यंत काझाला जायला किन्नौरचाच रस्ता उरतो.